मुतवल्लीची उजवी पापणी

कफ्र अबू-सराया, शुक्रवार, ५ ऑक्टोबर २०१८

राविया पोरी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. अतवा आठवड्यातून दोनदा कारखान्याच्या पोरींना घेऊन पोर्ट सईदला जातो. त्याला म्हटलं, माझ्या लेकीच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नको. तो म्हणाला, "काका, पत्र लिहिणारे तुम्हीच एकटे उरलात जगात." मी म्हटलं, तू तुझ्या बसचे टायर बघ, माझी पत्रं बघू नकोस.

आमचं बरं चाललंय. उबवणीघर जोरात आहे. मागच्या खेपेला हाज शलबीने दोन हजार अंडी दिली होती, त्यातून अठराशेच्या वर पिल्लं निघाली. शलबीसारखा चिकट माणूस, पण त्याने स्वतःच्या पैशाने मला चहा पाजला आणि चार लोकांत म्हणाला, "यंत्रं कुठलीही आणा. मुतवल्लीने अंडं पापणीला लावलं की आतलं पिल्लू त्याच्याशी बोलतं." लोक हसले. मीही हसलो. तुझे पणजोबा, आजोबा, मी, उबवणीघराचे मुतवल्ली म्हणून सगळ्यांनी अंड्याची ऊब याच एका जागी तपासली, आणि अजून गावात आपल्या पापणीला मान आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझी आई बरी आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते.

आता मुद्द्याचं. संस्थेच्या इनासबाई आल्या होत्या. तुम्हा पाच मैत्रिणींनी एकमेकींना जामीन राहून बदकांसाठी जे कर्ज उचललं होतं, त्याचा तुझा शेवटचा हप्ता नोव्हेंबरात फिटतोय. तू घरी एक पौंड पाठवत नाहीस आणि संस्थेला मात्र महिन्याच्या महिन्याला पाठवतेस, हेही मला बाईंकडूनच कळलं. असो. फाईल बंद करताना त्यांना लिहावं लागतं, की धंदा का बुडाला. अंडी माझ्या घरात उबवायला होती म्हणून त्यावर माझी सही लागते. आठ नोव्हेंबरला, गुरुवारी, तुमच्या गटातल्या बुसैनाच्या अंगणात बैठक आहे. मी म्हटलं, त्यात काय, करू सही.

पोरी, लोक विसरले आता. तुझ्या हातून भट्टीतल्या दिव्याची वात वर राहिली आणि अंडी करपली. होतं असं. वय कोवळं, काम रात्रंदिवस, डोळा लागला असेल. त्यावरून मी तुला कधी एका शब्दाने बोललो का? आठवून बघ. नाही बोललो. मग दीड वर्ष बापावर एवढा राग कशासाठी?

मुलुखियाची भाजी करताना तुझी आई अजून तुझ्या वाटणीचा लसूण जास्त घालते, मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते. ये एकदा.

तुझे बाबा

मंगळवार, १६ ऑक्टोबर

राविया,

अतवा म्हणाला, तू पत्र घेतलंस, घडी केलीस आणि खिशात टाकलंस. त्याच्यासमोर उघडलं नाहीस. मी विचारलं, चेहरा कसा होता? तर म्हणे, "काका, मी गाडी चालवतो, चेहरे वाचत नाही."

इनासबाई परत आल्या होत्या. या बाईला घरदार नाही का, कोण जाणे. त्यांनी तो फॉर्म उघडून माझ्यासमोर ठेवला. त्यात दोन चौकटी आहेत. एकीत लिहिलंय, सभासदाचा निष्काळजीपणा. दुसरीत, उबवणीतला दोष. पहिल्या चौकटीत खूण पडली, तर तुझं नाव एका यादीत जातं आणि मग ही संस्था काय, दुसरी कुठलीच संस्था तुला कर्ज देत नाही. म्हणजे तू बदकांचं जे काय ठरवलं होतंस, कालव्याकाठच्या आपल्या त्या चिमूटभर तुकड्यावर शेड आणि वर्षाला तीन खेपा, ते कायमचं राहिलं. दुसऱ्या चौकटीत खूण पडली, तर तुझं नाव स्वच्छ. चौघी जणी नवं कर्ज काढतायत, त्यात तुला लगेच धरतील.

मी म्हटलं, बाई, देवाची मर्जी असं लिहा ना. कुणालाच त्रास नको. त्या म्हणाल्या, "काका, देवाच्या मर्जीसाठी चौकट नाही." आणि चहा न पिता उठल्या.

हल्ली बायकांना उत्तर देण्याचं शिक्षण मिळतं, बाकी काही मिळो न मिळो.

बुसैना कालव्यावर भेटली. तुझा पगार सुरू होईपर्यंतच्या हप्त्यांसाठी तिने कानातलं विकलं, तुला माहीत आहे. इस्मतचं लग्न वर्षभर लांबलं तेही त्यामुळेच. मला वाटलं, तोंड फिरवून जाईल. पण थांबली, सलाम केला आणि म्हणाली, "काका, डोळा कसा आहे?" मी म्हटलं, "डोळ्याला काय धाड भरलीय? तुझा बाप चष्मा लावतो, त्याला विचार." मी उगाच भडकलो. ती बिचारी चांगलंच विचारत होती.

हा कागद इथेच पुरे. अंड्यांची फेरी करायची आहे.

तुझे बाबा

रविवार, २८ ऑक्टोबर

राविया,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. चौथ्यांदाही पहिली ओळ हवापाण्याची निघाली, ती फाडली.

अंडी करपली त्या वर्षी जानेवारीत माझ्या कपाळावर उजव्या बाजूला नागीण उठली होती. दोन आठवडे मी पट्टी बांधून फिरत होतो आणि तू म्हणायचीस, बाबा लग्नातल्या नवरदेवासारखे दिसतात. फोड गेले. डाग गेले. पण पापणी परत आली नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर ओठ जसा होतो ना, तशी झाली. माशी बसली तरी कळेना.

मी कुणाला सांगितलं नाही. वाटलं, येईल आठवड्याभरात. डावीला लावून बघितलं, आत एकटा असताना. तिला हे काम येत नाही. चाळीस वर्षं सगळं उजवीनेच केलेलं. डावीला प्रत्येक अंडं गरमच लागतं. आणि लोकांसमोर अंडं डाव्या बाजूला नेलं असतं, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की मुतवल्लीचं काहीतरी बिनसलंय.

मग तुमची बदकाची अंडी आली. सोळावा दिवस, सकाळची फेरी, आपण दोघंच आत. त्या सुमाराला अंड्यातलं पिल्लू स्वतःच ऊब धरू लागतं आणि वात उतरवायची असते. हे तुला सातव्या वर्षी मीच शिकवलं. तू अंडं माझ्या हातात दिलंस आणि म्हणालीस, "बाबा, गरम आहे. उतरवू?"

मी उजव्या पापणीला लावलं. काही लागलं नाही. आता कुणाला सांगू, पण मला तेव्हा खरंच असं वाटलं, की काही लागत नाही म्हणजे अंडं थंड आहे. चाळीस वर्षं जी पापणी खोटं बोलली नाही, ती आज का बोलेल? मी म्हटलं, "वर कर."

तू म्हणालीस, "बाबा, माझ्या हाताला चटका बसतोय."

मी म्हटलं, "मग हात आईला दाखव. अंडं मला कळतं."

तू वात वर केलीस. तू माझं ऐकलंस, एवढीच तुझी चूक.

गटाच्या पैशातून तू तापमापक आणला होतास. तो मी आठवड्यापूर्वीच भिंतीवरून काढला होता. हे इथे टांगलेलं दिसलं तर लोक म्हणतील मुतवल्ली मेला, असं बोललो होतो. कालव्यात फेकला, असं तुला सांगितलं होतं.

फेकला नाही. माझ्या गलबियाच्या आतल्या खिशात आहे. शलबीची अठराशे पिल्लं त्याने काढली, राविया. दीड वर्ष मी लोकांसमोर अंडं पापणीला लावतो, डोळे मिटतो, मान हलवतो आणि आत जाऊन तुझा तापमापक बघतो.

तिसऱ्या दिवशी अंडी दिव्यापुढे धरली तेव्हा आत काही हलत नव्हतं. फोडली. सगळी पिल्लं पिसं फुटलेली, अंगाने भरत आलेली, आणि शिजलेली. चौघी मैत्रिणी अंगणात उभ्या होत्या. शलबीने विचारलं, "काय झालं, मुतवल्ली?" सगळे माझ्याकडे बघत होते. तूही. मी म्हणालो, "पोरीच्या हातून वात वर राहिली."

बघ, एक शब्द खोटा नव्हता त्यात. वात तुझ्याच हाताने वर गेली होती. डोळा लागला, हे पुढे गावाने जोडलं. मी फक्त मूग गिळून बसलो. असं हुशार खोटं मी जन्मात बोललो नव्हतो, आणि बोललो ते माझ्या मुलीच्या डोक्यावर खापर फोडायला.

बाबा

बुधवार, ७ नोव्हेंबर

राविया,

मागचं पत्र मी अतवाला दिलंच नाही. त्याने दोनदा विचारलं, काका, आज काही नाही का? मी म्हटलं, शाई संपली. ते गादीखाली आहे.

काल तुझ्या आईने गलबिया धुवायला काढली. खिशातून तापमापक निघाला. तो तळहातावर घेऊन ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हे काय?"

मी म्हटलं, "तापमापक."

"ते मला दिसतंय. ताप कुणाला येतो?"

ती पाण्याच्या बादलीपाशी बसली, साबण लावला आणि कपड्याकडे बघत बोलली, "कालव्यात फेकला म्हणाला होतात." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "चुकून सुकाच राहिला वाटतं." मग तिने तो फडक्याने पुसून माझ्या उशाशी ठेवला. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

उद्या बैठक आहे. मी भित्रा माणूस नाही. तुला आठवत असेल, कालव्याच्या पाण्यावरून भांडण झालं तेव्हा मी एकटा कुदळ घेऊन उभा राहिलो होतो. पण हे वेगळं आहे. उद्या मी तोंड उघडलं, तर परवापासून कुणी एक अंडं माझ्या दारात आणणार नाही. ज्याची पापणी मेली त्याच्याकडे कोण अंडी ठेवील? आणि मी दुसरं काय करतो? मला शेती येत नाही, व्यापार येत नाही. मला या जगात एकच गोष्ट येत होती.

आणि नाही उघडलं, तर तुझं नाव जातं.

एवढं सरळ आहे ते. तरी मी दिवसभर हिशेब करतोय, की पहिली चौकट आणि दुसरी चौकट यांच्या मधे कुठे तिसरी निघते का. असा बाप तुझ्या वाट्याला आला.

बाबा

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

राविया,

सांगितलं.

गादीखालचं पत्र आणि कालपरवाचं, दोन्ही यासोबत पाठवतोय. क्रमाने वाच.

बुसैनाच्या अंगणात चटया टाकल्या होत्या. चौघी होत्या, इनासबाई होत्या, बुसैनाचा बाप होता. बाईंनी फॉर्म मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "बोला काका, कुठे खूण करू?" मी उभा राहिलो. बसून सांगता येईल असं वाटलं नाही. खिशातून तापमापक काढून चटईवर ठेवला. म्हटलं, माझी उजवी पापणी दोन वर्षांपासून मेलेली आहे. पोरगी म्हणत होती गरम आहे, मी म्हटलं वर कर. तिला झोप लागली नव्हती. ती त्या सगळ्या दिवसांत माझ्यापेक्षा जास्त जागी होती.

एवढं बोलून मी शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. खरं सांगतो, मला शिव्या हव्या होत्या. बुसैनाने कानातलं विकलं होतं, तिने मला चप्पल मारली असती तरी मी हललो नसतो.

बुसैना म्हणाली, "काका, बसा."

मग म्हणाली, "आम्हाला माहीत होतं."

मला कळेना. ती म्हणाली, "अंडी फोडली त्याच संध्याकाळी रावियाने आम्हा चौघींना सांगितलं. नागिणीनंतर डोळ्यावर साबणाचा फेस आला तरी तुम्ही डोळा मिटत नव्हतात, ते तिने बघितलं होतं. तुम्ही चोरून डाव्या डोळ्याला अंडं लावता, तेही बघितलं होतं. पण त्या सकाळी तुमच्या तोंडावर बोलायची तिची छाती झाली नाही. आम्ही म्हटलं, मग गावाला सांगू या. तर तिने आम्हाला शपथ घातली. म्हणाली, ते स्वतः बोलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. त्यांच्याकडे त्या पापणीशिवाय काही नाही. नुकसान माझ्या हप्त्यात लावा, मी फेडते."

इस्मत कोपऱ्यात बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दीड वर्ष लावलंत, काका. आम्हाला वाटलं होतं, आठवडा लागेल."

इनासबाईंनी दुसऱ्या चौकटीत खूण केली. मी सही केली. सही वाकडी आली.

घरी येताना बुसैना माझ्यासोबत वळणापर्यंत आली. मी तिला विचारलं, तू कालव्यावर डोळ्याचं विचारलंस, ते म्हणूनच? ती म्हणाली, "मी दर वेळी विचारायचे, काका. एखाद्या दिवशी तुम्ही खरं सांगाल म्हणून."

तुझे बाबा

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

राविया,

बैठकीनंतरच्या शनिवारी सकाळी शलबी गाढवगाडी घेऊन आला आणि त्याची अंडी उचलून घेऊन गेला. चहा मागितला नाही, दिला असता तरी घेतला नसता. बाकीचे दोन दिवसांत येऊन गेले. एकटा बुसैनाचा बाप निरोप ठेवून गेला, की माझी असू द्या, पण तापमापक भिंतीवर दिसू द्या. मग मीच त्याला परत नेऊन दिली. मंगळवारी मी सगळे दिवे विझवले. माझ्या आजोबांनी ही भट्टी पेटवल्यापासून ती अशी थंड कधी झाली नव्हती. आत गेलो तर माझाच आवाज मला ऐकू येतो.

चौघींनी नव्या कर्जातून उबवणीघर भाड्याने घ्यायचं ठरवलंय. प्रत्येक भट्टीत एकेक तापमापक असणार. मला त्यांनी अंडी फिरवायचं काम देऊ केलंय, दिवसातून चार वेळा, मजुरीवर. इस्मत म्हणाली, "फक्त फिरवायची, काका. मत द्यायचं नाही." मी हो म्हटलं. गावात लोक हसतील. हसू देत.

पाचवी जागा त्यांनी तुझ्यासाठी ठेवली होती. बुसैनाने तुला फोन केला, ते तिने मला सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं, तिचं चुकलं असं मानू नकोस. तू एकच विचारलंस म्हणे, "त्यांनी स्वतः सांगितलं? कुणी भाग पाडल्याशिवाय?" ती हो म्हणाली. तुझ्या मागे शिलाई यंत्रांचा आवाज येत होता. आणि मग तिला म्हणालीस, माझी जागा तुझ्या धाकट्या बहिणीला दे, मी इथे अजून एका वर्षाची सही केलीय, माझ्या हाताखाली आता बारा मुली आहेत, बदकांचं आता मला काही उरलेलं नाही.

तुझी आई रडली. मी म्हटलं, पोरीचं नाव स्वच्छ झालं, चांगली नोकरी आहे, रडायचं काय त्यात? ती म्हणाली, तुम्ही गप्प बसायच्या जागी बोलता आणि बोलायच्या जागी गप्प बसता. बरोबरच आहे तिचं.

मी तुला आता ये म्हणणार नाही. पहिल्या पत्रात म्हटलं होतं, त्याची लाज वाटते. अतवालाही सांगितलंय, की यापुढे तिला काही देऊ नकोस, ती मागेल तेव्हाच दे.

फक्त एक लिहायचं राहिलं. तू गेलीस तो शनिवार. बस दारात उभी होती आणि बाकीच्या पोरी खिडकीतून तुला हाका मारत होत्या. तू पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात थांबलीस आणि मला विचारलंस, "बाबा, तुम्हाला मला काही सांगायचंय का?" मला इतके दिवस वाटत होतं, की तू जाताना आशीर्वाद मागत होतीस, मनातून रागावलेली असलीस तरी. आता कळलं. तुला सगळं ठाऊक होतं आणि तरी तू थांबली होतीस. मी एक वाक्य बोललो असतो, चौघींसमोर नाही, गावासमोर नाही, फक्त तुझ्याजवळ, तर तू पिशवी खाली ठेवली असतीस.

मी म्हणालो, "जा लवकर, बस चुकेल."